वाऱ्याला पाठ नाही दाखवायची!

परवा दिल्लीहून परत येताना ४५ मिनिटांचा विमानप्रवास चक्क फुकट मिळाला. म्हणजे तिकीट तेवढंच, पण मुंबई जवळ आल्यावर आकाशातल्या चकरा एकदम फ्री! खिडकीतून तोच ढग तिसऱ्यांदा दिसला तेव्हा मी त्याला ओळख दाखवायचीच बाकी होते. कॅप्टनने दिलगिरीच्या सुरात सांगितलं, 'मुंबईत ट्रॅफिक आहे, आपल्यापुढे बरीच विमानं आहेत.' शेजारचा लॅपटॉपवाला वैतागून म्हणाला, 'च्यायला, इथेही अंधेरीचा सिग्नल?'

सगळे हसले. मी नाही हसले. कारण मला टेन्शन होतं ते आजीच्या मीटिंगचं.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. वय ८१. राहते मिलन सबवेच्या बाजूला. पत्त्यात सांताक्रूझ, पण मनाने पक्की पार्लेकर. तिची बिल्डिंग साठच्या दशकातली. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही आणि आजी तिसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून ती आठवड्यातून एकदाच खाली उतरते, तेही डॉक्टरकडे जायचं म्हणून. त्या रविवारी अकरा वाजता सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती, बिल्डरचा माणूस येणार होता. आजीने फोनवर बजावलं होतं, 'तू ये गं नक्की. ते लोक काय इंग्रजी फाडतात ते मला कळत नाही, आणि तुझ्या मामाला ऐकू येत नाही.'

मी पोहोचले तेव्हा खुर्च्या उचलून झाल्या होत्या. उरलेल्या सामोशांवर मुंग्या चढत होत्या. बिल्डरचा माणूस 'नॉट फीजिबल' एवढं बोलून निघून गेला होता. कारण? 'फनेल झोन.' आजीने मला विचारलं, 'फनेल म्हणजे आपलं तेल ओतायचं नरसाळंच ना? त्याचा आपल्या बिल्डिंगशी काय संबंध?'

मास कम्युनिकेशनची डिग्री आहे माझ्याकडे, पण या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग मी फोन लावला आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याला. तो पायलट आहे आणि ग्रुपमध्ये सगळे त्याला 'कॅप्टन जिजू'च म्हणतात. पुढे दोन कॉफी आणि एक सँडविच (बिल माझं!) एवढ्या खर्चात जे कळलं ते तुम्हालाही सांगते. कारण माझा उशीर आणि आजीची अडलेली लिफ्ट या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली. वारा!

आपल्याकडे म्हणतात, वारा येईल तशी पाठ द्यावी. ऑफिसात हा मंत्र सॉलिड चालतो. विमानात मात्र याच्या बरोबर उलट. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतं. पंखावरून हवा किती वेगाने वाहते यावर विमान हवेत राहतं, जमिनीवर ते किती वेगाने पळतंय यावर नाही. समोरून वारा आला की थोडा वेग आयता मिळतो.

जिजूने टिश्यू पेपरवर हिशोब मांडला. समजा, उतरताना विमानाला हवेत १४० नॉटचा वेग लागतो, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर. समोरून १० नॉटचा वारा असेल तर चाकं टेकतात तेव्हा जमिनीवरचा वेग १३० नॉट. तोच वारा पाठीमागून असेल तर १५० नॉट. 'वीसचाच तर फरक!' मी म्हणाले. तो म्हणाला, 'अगं, ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गावर ठरते. वर्ग कर.' केला. दुसऱ्या वेळी ब्रेकवर एक तृतीयांश जास्त काम पडतं! आणि त्यात रनवे ओला असेल तर विचारायलाच नको. म्हणून बऱ्याच प्रवासी विमानांना पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा १० नॉटच्या आसपास असते. त्यापुढे पायलट उतरायला सरळ नकार देतो.

आता आपली मुंबई. इथे वारा मुख्यत: समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरचा गार वारा आत घुसतो. (संध्याकाळी मरिन ड्राइव्हवर आपण जो फुकट एसी खातो, तोच हा.) पावसाळ्यात तर नैऋत्य आणि पश्चिमेचे वारे दणकून वाहतात. म्हणून मुंबईचा मुख्य रनवे पूर्व-पश्चिम आहे. त्याचं नाव ०९/२७. हे आकडे म्हणजे काही लकी नंबर नाहीत, होकायंत्राचे अंश आहेत, फक्त शेवटचा शून्य काढलेला. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड. रस्ता एकच, जायच्या दोन दिशांची दोन नावं.

वर्षातला बराचसा काळ २७ चालू असतो. म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येत उतरतात आणि उडाली की सांताक्रूझ-जुहूवरून समुद्राकडे निघतात. घाटकोपरमध्ये राहणाऱ्यांना विमानाची पोटं दिसतात आणि आजीला इंजिनांचा गडगडाट ऐकू येतो, तो यामुळे! हिवाळ्यात पहाटे कधीतरी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो पुरेसा जोराचा झाला तर सगळा खेळ उलटतो. विमानं समुद्रावरून, आजीच्या गच्चीवरून उतरायला लागतात.

याच वाऱ्याने एकदा नाही, दोनदा भलताच घोळ घातला होता. पश्चिमेला अगदी जवळच जुहूचा विमानतळ आहे, १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन विमान आणलं, ते याच जुहूला. दोन्ही विमानतळांना वारा एकच, त्यामुळे दोघांचे मुख्य रनवेही जवळपास एकाच दिशेचे. परिणाम? १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. आणि २४ सप्टेंबर १९७२ ला एका जपानी डीसी-८ ने तीच चूक केली आणि जुहूचा छोटा रनवे संपल्यावर ते पुढे निघून गेलं. पत्ता चुकलेला रिक्षावाला आपण समजू शकतो, पण जंबो साइझचा पत्ता चुकणं म्हणजे कमाल झाली!

'पण मग माझी ४५ मिनिटं कुठे गेली?' मी मुद्द्यावर आले.

'ट्रॅफिकमध्ये,' जिजू म्हणाला. 'आणि ट्रॅफिकही वाऱ्याच्या तालावर नाचतं.'

मुंबईला रनवे दोन आहेत. मुख्य रनवे सुमारे साडेतीन किलोमीटरचा. दुसरा १४/३२, तीन किलोमीटरला थोडा कमी. पण हे दोघे एकमेकांना छेदतात. दादरच्या एखाद्या चौकासारखे. इकडून गाडी जात असताना तिकडून सोडता येत नाही. त्यामुळे कागदावर दोन, पण कामाला बहुतेक वेळा एकच. शिवाय दुसऱ्या रनवेला पश्चिमेचा वारा तिरका लागतो. २० नॉटचा वारा असेल तर त्यातला सुमारे १५ नॉट विमानाला बाजूने ढकलतो. म्हणून तो स्टेपनीसारखा. लागला तर आहे, पण त्यावर रोज गाडी पळवायची नाही.

स्टेपनीवर गाडी चालवावी लागली की काय होतं ते मुंबईने १ जुलै २०१९ ला पाहिलं. मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं विमान मुख्य रनवेच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं. सुदैवाने प्रवासी वाचले. पण विमान बाहेर काढून मुख्य रनवे पुन्हा सुरू व्हायला ५ जुलै उजाडला. तोपर्यंत सगळा भार छोट्या रनवेवर. शेकडो उड्डाणं रद्द झाली.

आता एकाच रनवेवर किती गर्दी? ११ नोव्हेंबर २०२३, दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार. २४ तासांत या विमानतळावर १,०३२ विमानांची ये-जा झाली. दिवसरात्र सरासरी काढली तरी दर ८४ सेकंदांना एक! बोरिवली फास्टसुद्धा इतक्या पटापट येत नाही.

गर्दीच्या तासाला मुंबईत ४६ ये-जा चालायच्या. पण आकाशात चकरा मारणाऱ्यांची रांग इतकी वाढली की फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने हा आकडा ४४ वर आणायला लावला आणि गर्दी नसलेल्या वेळी ४४ चे ४२. तेव्हा सरकारनेच हिशोब दिला होता. विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. ४० मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन, म्हणजे साधारण १.८ लाख रुपये, हवेत. तासभर फिरलं तर २.६ लाख. आपण सिग्नलला इंजिन बंद करतो, यांना तीही सोय नाही!

'अरे, पण मग एकामागोमाग एक पटापट उतरवा ना!' मी लॉजिक लढवलं. तर म्हणे नाही जमत. विमानाच्या पंखांच्या टोकांपासून मागे हवेचे भोवरे सुटतात. मोठ्या विमानामागे आपलं नेहमीचं मध्यम आकाराचं विमान येत असेल तर किमान ५ नॉटिकल मैलांचं, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरचं अंतर ठेवावं लागतं. शिवाय उतरणाऱ्या दोघांच्या मधल्या फटीत एक उडणारं विमानही बसवायचं असतं. लोकलमध्ये चौथी सीट काढतात ना, तसं. आधी उतरलेल्याने रनवे रिकामा करायला दहा सेकंद जास्त घेतले की फट बंद.

आणि खरी गंमत पुढे आहे. जो समोरचा वारा सुरक्षिततेसाठी इतका चांगला, तोच गर्दीसाठी वाईट! समोरून ३० नॉटचा वारा असेल तर १४० नॉटचं विमान जमिनीच्या हिशोबाने ११० नेच पुढे सरकतं. ते ५ मैलांचं अंतर काटायला एरवी १२९ सेकंद लागतात, आता १६४. प्रत्येक जोडीमागे ३५ सेकंद गेले. तासाभरात किती विमानं खाली यायची राहिली, मोजा तुम्हीच. लंडनच्या हीथ्रोवर २०१५ पासून यावर उपाय केलाय. जोराचा वारा असेल तेव्हा मागच्या-पुढच्या विमानांत मैल नाही, सेकंद मोजतात.

वारा फिरला की रनवेची दिशा बदलणं हेही स्टिअरिंग वळवण्याइतकं सोपं नाही. उतरायला रांगेत आलेल्या सगळ्यांना आकाशात वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यायचं, उडायला उभे असतील त्यांना रनवेच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं. हे होईपर्यंत गर्दी साठतच असते. म्हणून पाठीमागचा वारा अगदी हलका आणि मर्यादेत असेल तर चालू असलेली दिशा तशीच ठेवण्याकडे कल असतो.

आणि हे सगळं मुंबईचंच रडगाणं आहे असं समजू नका. दिल्लीला २०२३ पासून चार रनवे आहेत. तरीही एप्रिल २०२५ मध्ये त्यातला एक दुरुस्तीसाठी बंद होता, नेमका वारा पूर्वेकडून वाहायला लागला आणि विमानांचं वेळापत्रक कोलमडलं. शेवटी दुरुस्ती मध्येच थांबवून मे महिन्यात तो रनवे तात्पुरता सुरू करावा लागला. चार रनवे असलेल्यांनाही वारा जुमानत नाही, तर आपली काय कथा!

असो. माझा उशीर कळला. आता आजीचं नरसाळं.

रनवेची दिशा वाऱ्याने ठरवली. रनवे तिथे कायमचा आखला गेला. मग त्याच्या दोन्ही टोकांपुढची जागा मोकळी हवी. विमानं तिथूनच वर जाणार आणि खाली येणार. ही मोकळी जागा नरसाळ्यासारखी असते. रनवेजवळ अरुंद आणि बुटकी, लांब जाल तशी रुंद आणि उंच. म्हणून फनेल. अशा मोठ्या रनवेपुढे तिचा चढ सुरुवातीला साधारण २ टक्के. म्हणजे दर १०० मीटरला २ मीटर. या अदृश्य छपराच्या वर इमारत, टाकी, अँटेना काहीही गेलेलं चालत नाही. त्यासाठी केंद्राचे २०१५ चे नियम आहेत आणि विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागते.

आजीची बिल्डिंग रनवेच्या टोकापासून ढोबळमानाने एक किलोमीटरवर. म्हणजे तिथे छप्पर आलं रनवेच्या पातळीपासून अंदाजे १९ मीटरवर. सहा मजले. त्यातून खालचं पार्किंग, वरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली वजा करा. उरलं काय? राहत्या लोकांना जागा देऊन बिल्डरने विकायचं काय? म्हणून 'नॉट फीजिबल'. समोरच्या माणसाने एक शब्द बोलून विषय संपवला होता, पण त्या शब्दामागे हे एवढं गणित होतं.

मला रागच आला. 'विमानं तर आजीच्या घरावरून कितीतरी उंच जातात! सहाच्या जागी दहा मजले झाले तर काय बिघडणार आहे?' मी जिजूशी भांडायलाच निघाले.

तो शांतपणे म्हणाला, 'तू रोज जी बघतेस ती दोन्ही इंजिनं चालू असलेली विमानं. नियम त्या दिवसासाठी केलाय, ज्या दिवशी उडताना एक इंजिन बंद पडेल. तेव्हा दोन इंजिनांच्या विमानाने चाकं आत घेतल्यावर किमान २.४ टक्क्यांनी चढलं पाहिजे, एवढीच अट आहे. म्हणजे एक किलोमीटर पुढे गेल्यावर उंची वाढणार फक्त २४ मीटर. आता तुझे दहा मजले मोज.'

दहा मजले म्हणजे ३० मीटर. मी गप्प बसले. सँडविचही जरा कोरडंच लागलं.

त्याचं खरं आहे. पण आजीचं खोटं आहे का? विमानात बसलेल्या दोनशे लोकांच्या सुरक्षिततेची किंमत खालचे लोक रोज जिने चढून चुकवतायत. मी त्यातल्याच एका विमानातून उतरून, उशीर झाला म्हणून चिडचिड करत आजीकडे आले होते. सांताक्रूझ, पार्ला, कुर्ला, घाटकोपर. किती तरी सोसायट्या अशाच अडकल्या आहेत. प्लास्टर पडतंय, पिलर तडकलेत, आणि रिडेव्हलपमेंटला कोणी हात लावत नाही. उंची वाढवता येत नसेल तर तेवढ्या बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून दुसरीकडे विकू द्या, अशी इथल्या रहिवाशांची जुनी मागणी आहे. मला ती रास्त वाटते. आकाश सगळ्या शहराच्या उपयोगाचं, मग त्याचं भाडं एकट्या आजीने का भरायचं?

आता नवी मुंबईचा विमानतळ आलाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. तिथल्या रनवेचा नंबर ०८/२६. म्हणजे पुन्हा जवळपास तीच दिशा, कारण वारा तोच! पण तिथे आराखड्यात दुसरा रनवे समांतर आहे, छेदणारा नाही. त्यामुळे आकाशातल्या चकरा कमी होतील अशी आशा करायला हरकत नाही. फनेल मात्र हलणार नाही. जोवर सांताक्रूझचा रनवे आहे तोवर आजीच्या डोक्यावरचं ते अदृश्य छप्परही राहणार.

हे सगळं मी गेल्या शनिवारी आजीला समजावायला गेले. कागदावर रनवे काढला, बाण काढले. पूर्व, पश्चिम, २७, ०९. आजीने निम्म्यातच मला थांबवलं.

'वाऱ्याचं मला काय सांगतेस? पन्नास वर्षं ऐकतेय. रोज विमानं इथून गुरगुरत वर जातात. थंडीत एखाद्या सकाळी शिट्टी मारल्यासारखी खाली येतात. तेव्हा मी तुझ्या मामाला सांगते, आज वारा फिरलाय, स्वेटर घाल.'

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. आणि तिला सांगून टाकलं, की बिल्डिंग काही उंच होणार नाही गं.

'मला उंच कुठे जायचंय?' आजी म्हणाली. 'मला खाली जायचंय. भाजी स्वत:च्या हाताने निवडून घ्यायची आहे. त्यासाठी दहा मजले कशाला लागतात? आहे त्याच बिल्डिंगला बाहेरून लिफ्ट नाही का लावता येत?'

बघा! दोन कॉफी, एक सँडविच आणि एवढी आकडेमोड करून मी जिथे पोहोचले नाही तिथे आजी खुर्चीत बसल्या बसल्या पोहोचली होती. लिफ्टची मशिनरी धरूनही ते बांधकाम १९ मीटरच्या आत बसेल असं दिसतंय. आता इंजिनीअरला दाखवायचं, परवानग्या काढायच्या, आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावरच्या लोकांना वर्गणीसाठी पटवायचं. हे शेवटचं काम एक इंजिन बंद पडलेलं विमान उडवण्याइतकंच अवघड आहे, हे सोसायटीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

पुढची मीटिंग पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता. त्या आठवड्यात मला पुन्हा दिल्लीचं काम आहे. पण परतीचं तिकीट शुक्रवारचं काढलंय. वाऱ्याचा काय भरवसा?